उंबरठ्यावरचे द्यूत

मनुष्याने फासा हाती घेतला त्या दिवसापासून द्यूताचे वाङ्मयही जन्मास आले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात घरदार व पत गमावून बसलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. सभापर्वात धर्मराज एकामागून एक पण लावीत जातो आणि अखेर स्वतःस व द्रौपदीस हरून बसतो. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकातील संवाहक दहा सुवर्णांच्या देण्यापायी पळत सुटतो आणि एका ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो; परंतु त्याचा पाठलाग करणारे तेथेच फासे खेळू लागताच मूर्तीस राहवत नाही व ती आपण होऊन पकडली जाते. पाश्चात्त्यांकडे दोस्तोयेव्हस्कीने १८६६ साली अवघ्या सव्वीस दिवसांत लघुलेखिकेस सांगून लिहविलेली ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी याच जातीची. तिच्यातील वृद्ध आजीबाई प्रथम सहज जिंकतात, आणि त्याच जिंकण्याने त्यांचा घात होतो.

या सर्वांचा दोष एकच आहे. त्यांस उठता येत नाही. मेजावरून उठून जाण्याची घटका येते, निघून जाते, आणि खेळणारा बसून राहतो. द्यूताविषयी आपल्या घराघरांतून जो उपदेश पिढ्यान्‌पिढ्या केला जात आला, त्याचे मूळ याच अनुभवात आहे. लोभ माणसास बुडवितो, आणि लोभास लगाम घालील तो वाचेल, हा त्या उपदेशाचा मथितार्थ.

परंतु गेल्या अर्धशतकात द्यूताचा असा एक प्रकार रूढ झाला आहे की, ज्यात पराभवाचे कारण पुष्कळदा याच्या नेमके उलट असते. तो प्रकार म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा. या खेळात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात, पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडी मांडली जातात. आणि हाती काही असताना वा नसताना, खरे बोलून वा थाप मारून, खेळाडू पण वाढवीत जातात. ज्याचा धीर सुटेल त्याने आपली पाने टाकून द्यावीत. स्पर्धेत प्रवेशाचे पैसे एकदाच भरावयाचे असतात. त्यांबद्दल मिळालेल्या चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो. त्या चिप्स खिशात घालून मधेच निघून जाण्याची सोय नाही. समजा, १,००० जण खेळावयास बसले आणि बक्षिसे पहिल्या १५० जणांस आहेत. मग १५१ वा मनुष्य दहा तास खेळूनही, पहिल्याच डावात बाद झालेल्या माणसाइतकाच रित्या हाताने घरी जातो. बक्षिसाच्या यादीत शिरण्यापूर्वीचा जो हा शेवटचा टप्पा, त्यास खेळाडूंच्या परिभाषेत ‘बबल’ म्हणजे बुडबुडा म्हणतात. तो फुटला की उरलेले सर्व तरले.

संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या स्पर्धेत हा टप्पा मोठा पाहण्यासारखा असतो. घटकाभरापूर्वी भराभर चाललेला खेळ एकाएकी मंदावतो. विचारासाठी मिळालेला राखीव वेळ लोक शेवटच्या सेकंदापर्यंत वापरतात. टाकून देण्याच्या लायकीची पाने हाती असतानाही खोल विचारात असल्याचे सोंग करतात. हेतू एवढाच की, दुसऱ्या एखाद्या मेजावर आपल्याआधी कोणी तरी बाद व्हावा. ही लबाडी चालू नये म्हणून या टप्प्यावर सर्व मेजांवरील डाव एकाच वेळी वाटण्याचा नियम करावा लागला. जे लोक सकाळी जग जिंकावयास निघाले होते, ते आता केवळ १५१ वे न होण्यासाठी धडपडत असतात. येथे माणसास बुडविते ते भय. लोभाचा क्रम त्यानंतरचा.

द्यूताच्या जुन्या वाङ्मयात या भयास जागा नव्हती. ती जागा मिळवून देणारा एक ग्रंथ म्हणून मारिया कोन्निकोव्हा यांच्या ‘द बिगेस्ट ब्लफ’ या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पोकरवरील पुस्तक सुशिक्षित कुटुंबांतील वाचकांपुढे ठेवण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर पुढील विवेचनात यावे अशी अपेक्षा आहे.

या विषयावर इंग्रजीत चांगली पुस्तके पूर्वीही झाली. कवी व टीकाकार अल अल्व्हारेझ यांनी १९८१ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धा पाहून ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ (१९८३) हे पुस्तक लिहिले. त्यात धंदेवाईक खेळाडूंची चित्रे तटस्थ कुतूहलाने रेखाटली आहेत. पण अल्व्हारेझ तेथे प्रेक्षक आहेत. जेम्स मॅकमॅनस यांस ‘हार्पर्स’ मासिकाने २००० साली त्याच स्पर्धेचे वृत्त लिहिण्यास धाडले, तो हे गृहस्थ स्वतःच खेळावयास बसले आणि पाचवे आले; त्यांचे ‘पॉझिटिव्हली फिफ्थ स्ट्रीट’ (२००३) हे पुस्तक झपाटलेल्या माणसाचे आहे. कादंबरीकार कोल्सन व्हाइटहेड यांचे ‘द नोबल हसल’ (२०१४) आपल्याच उदासपणाची थट्टा करीत जाते. यांपैकी एकात पाहणे आहे, दुसऱ्यात झपाटणे आहे, तिसऱ्यात विनोद आहे. शिकणे हा विषय मात्र कोन्निकोव्हाबाईंनीच खऱ्या अर्थाने हाती घेतला.

बाईंचा जन्म मॉस्कोचा. बालपणीच त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. आपल्या हाती नसलेल्या गोष्टी आपल्याच हाती आहेत असा भ्रम माणसास कसा होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. २०१५ च्या सुमारास त्यांच्या घरावर एकामागून एक आपत्ती आल्या. आजी घसरून पडल्या व गेल्या, आईची नोकरी सुटली, पतीचीही सुटली, आणि स्वतःस एका आजाराने घेरले. यांत आपला दोष किती व दैवाचा भाग किती, हा प्रश्न त्यांस छळू लागला. याच सुमारास जॉन फॉन नॉयमन या गणित्याचे लेखन त्यांच्या वाचनात आले. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासमवेत त्याने १९४४ साली खेळांच्या सिद्धान्तावरील जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात पोकरला मानाचे स्थान आहे. बुद्धिबळात सर्व मोहरी दोघांसमोर उघडी असतात. संसारात तसे नसते. तेथे दुसऱ्याच्या हातातील पाने आपणास दिसत नाहीत. म्हणून दैव व पुरुषार्थ यांचा हिशेब घालावयाचा तर या खेळाचीच कास धरावी, असे बाईंनी ठरविले. पत्त्यांच्या जोडात पाने किती असतात हेही त्यांस तेव्हा धड ठाऊक नव्हते.

गुरू म्हणून त्यांनी एरिक सायडेल यांस गाठले. हे गृहस्थ प्रथम बॅकगॅमन खेळणारे, नंतर वॉल स्ट्रीटवर व्यवहार करणारे; १९८७ च्या बाजारपडझडीनंतर पोकरकडे वळले आणि १९८८ च्या जागतिक स्पर्धेत दुसरे आले. त्यांचा स्वभाव अबोल आहे. ते उत्तरे देत नाहीत, प्रश्न विचारतात. ‘येथे काय करू’ असे शिष्येने विचारले की ‘तू कशासाठी काय करू पाहतेस’ असे तिलाच विचारतात. या गुरुशिष्यांचे नाते हा ग्रंथाचा मोठा गोड भाग आहे. वाचकांस आपल्याकडील गवयांच्या घरचे शिक्षण आठवल्यावाचून राहणार नाही.

न्यूयॉर्क राज्यात संगणकावर पैशाने पोकर खेळणे कायदेशीर नसल्यामुळे बाई हडसन नदी ओलांडून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात जात, तेथील कॉफीच्या दुकानात बसत आणि पडद्यावरच्या लहान लहान स्पर्धांत हात बसवीत. तेथून लास व्हेगासच्या छोट्या स्पर्धा, मग मोठ्या, मग मॉन्टे कार्लो, असा प्रवास झाला. बक्षिसेही मिळू लागली. यादीत नाव येऊ लागले, आणि विद्यार्थिनीस आपली प्रगती होत आहे असे वाटू लागले. येथे गुरूने तिच्या आनंदावर विरजण घातले. मिळणारी बहुतेक बक्षिसे यादीच्या तळची आहेत, याकडे त्याने लक्ष वेधले. उंबरठ्यापर्यंत येऊन तू आक्रसतेस. बाद न होण्यासाठी खेळतेस, आणि उंबरठा ओलांडलास तेव्हा तुझ्यापाशी पुढे लढण्याजोगे काही उरलेले नसते, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता.

आमच्या मते या ग्रंथाचा कणा येथे आहे. परंतु त्याचे मर्म समजावयाचे तर थोडी आकडेमोड करणे प्राप्त आहे. ती बाईंनी विस्ताराने केलेली नाही. म्हणून आम्ही एक लहानसे उदाहरण घेतो.

समजा, एका स्पर्धेत चार जण उरले आहेत व चौघांपाशी सारख्याच चिप्स आहेत. बक्षिसे तिघांसच आहेत: पहिल्यास ५० रुपये, दुसऱ्यास ३०, तिसऱ्यास २०. चौघांची स्थिती सारखी, म्हणून प्रत्येकाच्या आशेचे मोल २५ रुपये. आता त्यांतील दोघांनी सर्वस्व पणास लावले व एक बाद झाला. जिंकणाऱ्याच्या चिप्स दुप्पट झाल्या. मग त्याच्या आशेचे मोलही दुप्पट, म्हणजे ५० रुपये, झाले काय? मुळीच नाही. निम्म्या चिप्स त्याच्यापाशी असल्यामुळे पहिले येण्याची त्याची शक्यता १/२, दुसरे येण्याची १/३ व तिसरे येण्याची १/६ धरली, तर त्याचे मोल ३८ रुपये ३३ पैसे एवढेच भरते. म्हणजे त्याने २५ रुपये धोक्यात घातले ते १३ रुपये ३३ पैशांच्या लाभासाठी. आणि जे दोघे स्वस्थ बसून होते, त्यांचे मोल मात्र बोटही न हलविता २५ वरून ३० रुपये ८३ पैशांवर गेले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतक्या नेमक्या आकड्यांत मांडलेली क्वचितच दिसेल.

या गणिताची रीत नवी नाही. १९७३ साली डेव्हिड हार्विल यांनी घोड्यांच्या शर्यतींसाठी जे सूत्र मांडले तेच पुढे पोकरच्या स्पर्धांस लावण्यात आले. त्यावरून निघणारा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वरील उदाहरणात सर्वस्व पणास लावणे परवडावयास जिंकण्याची शक्यता शंभरांत ६५ हून अधिक असावी लागते. ६० असेल, म्हणजे पारडे उघड उघड आपल्या बाजूस झुकलेले असेल, तरीही पाने टाकून देणेच शहाणपणाचे ठरते. ज्याच्यापाशी चिप्सचा मोठा ढीग आहे तो हे पुरते जाणतो, आणि म्हणूनच उंबरठ्यावर तो निःशंकपणे पण वाढवीत सुटतो. आपणास विरोध करणे दुसऱ्यांस परवडणार नाही हेच त्याचे शस्त्र. श्रीमंताचे धैर्य पुष्कळदा गरिबाच्या हिशेबावर उभे असते, हे समाजशास्त्र येथे पत्त्यांच्या भाषेत वाचावयास मिळते.

तर मग सायडेल यांनी शिष्येस दोष का द्यावा? ती पाने टाकून देत होती आणि गणितही पाने टाकावयास सांगते. याचे उत्तर दुसऱ्या एका हिशेबात आहे. समजा, एका सावध खेळाडूने १०० रुपये प्रवेशाच्या १०० स्पर्धा खेळल्या. त्याची सावधगिरी एवढी की, इतरांच्या दुप्पट वेळा, म्हणजे ३० वेळा, तो बक्षिसाच्या यादीत शिरला. पण दर वेळी तळाचेच, म्हणजे २०० रुपयांचे, बक्षीस घेऊन बाद झाला. त्याने भरले १०,००० रुपये व त्यास मिळाले ६,०००. यादीत सतत नाव झळकूनही त्याचे ४,००० रुपये गेले. बक्षिसांची मोठी रक्कम वरच्या मोजक्या स्थानांवर साठविलेली असते. तेथवर न पोहोचणारा मनुष्य अत्यंत सुरक्षितपणे दिवाळखोर होतो.

एका डावापुरते पाहिले तर सावधपणा बरोबर, आणि शंभर स्पर्धांचा हिशेब घेतला तर तोच सावधपणा घातक, अशी ही अवघड गाठ आहे. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही आमची म्हण पहिल्या हिशेबाची आहे. दुसऱ्या हिशेबाची म्हण आमच्यापाशी असली तरी ती आम्ही मुलांस सहसा शिकवीत नाही.

आता जो प्रश्न उभा राहतो तो गणिताच्या आटोक्यातील नाही, वाङ्मयाच्या आटोक्यातील आहे. पाने टाकून देणाऱ्या दोन माणसांची कृती बाहेरून अगदी एकसारखी दिसते. एकाने हिशेब करून पाने टाकली, दुसऱ्याने हात कापू लागले म्हणून टाकली. पडद्यावर दोघांच्या नावापुढे एकच खूण उमटते. एवढेच नव्हे, दुसऱ्या मनुष्यास विचारले तर तोही पहिल्याचेच गणित सांगेल, आणि प्रामाणिकपणे सांगेल. कारण भयास विवेकाची वस्त्रे फार लवकर बेतून मिळतात. मग आपण विवेकाने थांबलो की भीतीने, हे ज्याचे त्याने ओळखावे कसे? कोन्निकोव्हाबाईंचा ग्रंथ या प्रश्नास भिडतो, म्हणून तो पत्त्यांच्या पुस्तकांच्या रांगेतून उठून निराळ्या जागी बसतो.

त्यांचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, एका कृतीवरून काही कळत नाही. कृतींची मालिका पाहावी. एका रात्री तळचे बक्षीस मिळणे हे दैव असेल, पण तेच वारंवार मिळू लागले की तो स्वभाव होय. स्वभाव स्वतःस दिसत नाही, म्हणून तो दाखविणारा दुसरा मनुष्य लागतो. दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे. आपण का माघार घेतो हे शोधता शोधता बाईंस आढळले की, कित्येकदा त्या पानांपुढे नमत नसून समोरच्या पुरुषाच्या आवाजापुढे नमत होत्या. ज्या मेजावर बहुतेक सर्व पुरुष, तेथे पण वाढविणे म्हणजे उद्धटपणा, आणि सोडून देणे म्हणजे सौजन्य, असा संस्कार लहानपणापासून मुलीच्या अंगी मुरविलेला असतो. मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या, स्वतंत्र वृत्तीच्या म्हणून वावरणाऱ्या आपण आतून इतक्या आज्ञाधारक आहोत, याचा शोध त्यांस पत्त्यांच्या मेजावर लागावा, यात मोठा विरोधाभास आहे. आणि तो त्यांनी कोठेही आक्रस्ताळेपणा न करता सांगितला आहे. आमच्या घरांतून ‘पडते घे’ हा उपदेश कोणास केला जातो व कोणास केला जात नाही, हे आठवून पाहिले म्हणजे हा भाग आम्हांस परका वाटणार नाही.

या ठिकाणी आमच्याच एका जुन्या कथेची आठवण येते. वनवासातील धर्मराजास बृहदश्व मुनींनी नलाची कथा सांगितली, ती केवळ समाधानासाठी सांगितली असे आपण समजतो. परंतु तिच्या उत्तरार्धात द्यूताविषयी एक निराळाच विचार आहे. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती हे सांगतो. बाहुकाच्या रूपातील नल झाड तोडून ती गणना पडताळून पाहतो, आणि आपली अश्वविद्या देऊन त्याच्यापासून अक्षविद्या घेतो. ती विद्या हाती येताच त्याच्या देहातील कली बाहेर पडतो. पुढे नल पुष्करापुढे पुन्हा खेळावयास बसतो तो सर्वस्व एकाच पणास लावून, आणि राज्य परत मिळवितो. मोजता येणे आणि धैर्य येणे यांचा संबंध या कथाकाराने ओळखला होता. पहिल्या द्यूतातील नल न मोजता धाडस करतो, म्हणून बुडतो. विद्या मिळाल्यावर तो भिऊन बसत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अक्षहृदय जाणणारा नल जर उंबरठ्यावरच थबकला असता, तर कली गेला असूनही राज्य गेले ते गेलेच असते. कथेच्या अखेरीस ती अक्षविद्या बृहदश्व धर्मराजास देतात; ‘द्यूत वाईट’ एवढे सांगून त्याची बोळवण करीत नाहीत.

कोन्निकोव्हाबाईंच्या कथेलाही असा उत्तरार्ध आहे. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत, जिच्यासाठी एवढा खटाटोप, तेथे अर्धशिशीने त्यांस ग्रासले व काही हाती लागले नाही. जानेवारी २०१८ मध्ये बहामा बेटांवरील एका स्पर्धेत मात्र त्या पहिल्या आल्या आणि त्यांस ८४,६०० डॉलर मिळाले. त्या विजयाचे वर्णन लेखिकेने आवरून केले आहे. आपल्या कौशल्याइतकेच त्या दिवशीचे दैवही कारणी लागले हे त्या विसरत नाहीत, व वाचकास विसरू देत नाहीत.

गुणांबरोबर दोषही सांगणे परीक्षकाचे कर्तव्य आहे. पहिला दोष उपदेशाचा. एखादा प्रसंग रंगात येतो न येतो तोच लेखिका त्यातून आयुष्यास उपयोगी असा धडा काढून वाचकाच्या हाती ठेवतात. हे धडे बहुधा खरे असतात. परंतु प्रसंगानेच जे सांगितले ते पुन्हा सांगितल्याने त्याची धार बोथट होते.

दुसरा दोष असा की, संगणकावरील खेळास त्यांनी केवळ शाळेची जागा दिली आहे. पाटीवर मुळाक्षरे गिरवावीत व पुढे जावे, तशी. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातील हिशेबनीस संगणकावरच्या एका किरकोळ स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत शिरला व २५ लाख डॉलर जिंकून गेला, तेव्हापासून या खेळाचे रूपच पालटले होते. आणि ज्या प्रश्नावर ग्रंथ उभा आहे तो पडद्यासमोर अधिकच निखळ रूपात येतो. तेथे समोरच्याचा चेहरा नाही, आवाज नाही, कोणाच्या मर्जीचा संकोच नाही. एकटा मनुष्य, दोन पाने, आणि सरत जाणारे सेकंद. अशा एकांतातही जो माघार घेतो तो कोणापुढे घेतो? संस्कार तेथे सुटतो की आणखी घट्ट होतो? या प्रश्नाचे उत्तर देण्याची योग्यता लेखिकेच्या अंगी होती. त्यांनी ती संधी दवडली असे वाटते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. हरणारे लोक या ग्रंथात फार थोडे दिसतात. पोकरच्या बक्षिसाचा पैसा कोणा दात्याच्या देणगीतून येत नाही. यादीत शिरणाऱ्या १५० जणांस जे मिळते ते मुख्यतः बाहेर राहिलेल्या ८५० जणांचे असते. लेखिकेपाशी जगातील उत्तम गुरू होता, लेखनाचे व्यवसायबळ होते, आणि हरल्या असत्या तरी पुस्तक होणारच होते. त्यांची खरी पैज पानांवर नव्हती. ज्याचे घरभाडे त्या मेजावर आहे त्याच्या दृष्टीने उंबरठा म्हणजे स्वभावाची परीक्षा नव्हे. तेथे तळचे बक्षीसही भाकरी असते, आणि त्याच्या भयास भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. विजयानंतर काही काळ बाईंनी एका मोठ्या पोकर कंपनीच्या प्रतिनिधी म्हणून काम केले, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. त्याने ग्रंथाचा प्रामाणिकपणा कमी होत नाही, पण त्याची दृष्टी कोणत्या बाजूची आहे हे समजते.

आपल्याकडे या विषयास कायद्याचीही बाजू आहे. बक्षिसांच्या स्पर्धांविषयी मुंबई राज्यातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ यांत भेद केला, आणि पुढे पुष्कळ वर्षे पोकर कोणत्या बाजूचा, यावर वाद चालले. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता तो भेदच बाजूस सारला. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध ठरविला. त्या निर्णयाची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. वर दाखविलेला ८५० जणांचा हिशेब ज्यास पटला त्यास अशा कायद्यामागची चिंता समजण्यास अडचण पडू नये. तथापि खेळ निषिद्ध झाला म्हणून त्या खेळाने माणसाविषयी जे दाखविले ते खोटे ठरत नाही. धर्मराजाचे द्यूत आपण काही खेळावयास शिकावे म्हणून वाचीत नाही.

आमच्या वर्गाने जुगाराच्या पहिल्या दोषापासून स्वतःस पुष्कळ जपले आहे. लोभाने घर बुडविलेल्यांच्या गोष्टी आम्ही मुलांस सांगतो, आणि त्या सांगाव्यातच. परंतु दुसऱ्या दोषाविषयी आम्ही मौन पाळतो, कारण तो दोष आम्हांस गुणासारखा दिसतो. नोकरी टिकली, यादीत नाव आले, १५१ वे झालो नाही, एवढ्यावर समाधान मानून किती चांगली बुद्धी आमच्या घरांतून उंबरठ्याशीच थांबली असेल! त्यांतील काहींनी विवेकाने थांबणे पत्करले असेल, व त्यांस कोणी नावे ठेवू नयेत; चौघांच्या त्या हिशेबात ६० टक्के असूनही पाने टाकणारा मनुष्य खरोखरच शहाणा होता. परंतु कोण हिशेबाने थांबला व कोण भयाने, हे ज्याने त्याने आपल्या साऱ्या वर्षांची मालिका समोर मांडून, आणि शक्य तर एखाद्या निर्भीड मित्रास शेजारी बसवून, एकदा पडताळून पाहावे. या पडताळ्याची रीत ‘द बिगेस्ट ब्लफ’ शिकविते. ज्या घरात पत्त्यांचा जोड नाही त्या घरातही हा ग्रंथ असावा, अशी आमची शिफारस आहे.